बारावा खडा: एका कुत्र्याच्या मुतखड्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा जनावरांचा दवाखाना आहे. सकाळ गायी-म्हशींत जाते, संध्याकाळी कुत्री-मांजरं येतात. हे प्रकरण गेल्या वर्षीच्या मे महिन्यातलं. मालकांच्या संमतीनं लिहितोय. कुत्र्याचं नाव बदललं आहे, माणसांची नावं देत नाही.

बंड्या सात वर्षांचा नर, वजन सात किलो. आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. हाही तसाच, पांढराशुभ्र आणि केसाळ. मालक म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि त्यांच्या पत्नी. मुलं पुण्याला. घरातलं तिसरं माणूस बंड्याच.

त्याचा दिनक्रम जरा सविस्तर सांगतो, कारण पुढे तोच कामी आला. दोन वेळा दूध-भाकरी. दुपारी गुरुजी ओसरीवर शेंगा फोडत बसले की बंड्याच्या वाट्याला मूठभर शेंगदाणे. हाडं मजबूत व्हावीत म्हणून रोज कॅल्शियमचं सिरप, तेही दोन वर्षांपासून, कुणीतरी सांगितलं म्हणून. गल्लीतली कुत्री अंगावर येतात, त्यामुळे फिरायला फक्त पहाटे आणि रात्री. घरात त्यानं कधी लघवी केली नाही, आणि काकूंना त्याचा फार अभिमान होता. म्हणजे तो रोज बारा-बारा तास लघवी धरून बसत होता.

या घटनेच्या आठ महिने आधी, गौरी-गणपतीच्या दिवसांत, काकू त्याला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. सकाळच्या सड्या-रांगोळीवर त्यानं पाय वर केला आणि पांढऱ्या रांगोळीवर तांबूस डाग उमटला. मी पोट चाचपलं, ताप पाहिला, लघवीला जंतुसंसर्ग झाला असावा असं ठरवलं आणि सात दिवसांचं प्रतिजैविक दिलं. डाग थांबले. ना मी लघवी तपासली, ना एक्स-रे काढला. या प्रकरणातला पहिला निर्णय तोच होता, आणि तो चुकला होता. ते मला आठ महिन्यांनी कळलं.

त्या रात्रीची अडचण

रात्री नऊच्या सुमारास गुरुजींचा फोन आला.

"डॉक्टर साहेब, बंड्याला दोन दिस झाले संडासच होईना. नुसता बसायलाय, जोर लावायलाय, काई पडेना."

"लघवी होते का?"

"ती होतीय की. थेंब थेंब पडायलीय सारखी."

थेंब थेंब हा शब्द ऐकला आणि मी म्हटलं, आहे तसं घेऊन या, उद्यावर टाकू नका.

नर कुत्रा बसून जोर लावतो तेव्हा घरच्यांना बद्धकोष्ठच आठवतं. त्यांचा दोष नाही, दोन्हीतली ढब जवळपास सारखी दिसते. पण थेंब पडणं म्हणजे लघवी होणं नव्हे. मूत्राशय तुडुंब भरलं की अडलेल्या खड्याच्या कडेनं थेंब झिरपतात आणि मालकाला वाटतं, लघवी चालू आहे. या दोन दिवसांत बंड्याला एरंडेल पाजून झालं होतं, दही-भात झाला होता, आणि शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून माणसांची डायक्लोफिनॅकची अर्धी गोळीही पोटात गेली होती. कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला ही गोळी एरवीही घातक. लघवी तुंबलेल्या कुत्र्याला तर ती दुहेरी मार देते.

दवाखान्यात आणला तेव्हा तो काकूंच्या पदरात गुंडाळलेला होता. मान उचलत नव्हता. वाटेत दोनदा ओकला होता. पोटाला हात लावला तर मूत्राशय संत्र्याएवढं, टणक, ताणून बसलेलं. मला जास्त भीती वाटली ती त्याच्या हृदयाची. एवढ्या वेदनेतल्या, घाबरलेल्या लहान कुत्र्याचे ठोके मिनिटाला दीडशेच्या पुढे असायला हवेत. मी स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर मोजले, चौसष्ट भरले.

आधी जीव, मग खडा

इथे एक मोह होतो, आणि तो मलाही झाला: लगेच नळी घालायची, अडथळा मोकळा करायचा. पण लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि ते हृदयाला मंद करत करत थांबवतं. अशा कुत्र्याला गुंगी देऊन नळीशी झटापट केली तर तो टेबलावरच जातो. बंड्याचे ठोके तेच सांगत होते.

रक्ताचा नमुना पलीकडच्या गल्लीतल्या माणसांच्या लॅबला पाठवला. रिपोर्टला तास लागणार होता. थांबायचं की ठोक्यांवर विश्वास ठेवून उपचार सुरू करायचे? मी थांबलो नाही. शिरेतून सलाईन चालू केलं. दहा टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट पाच मिलिलिटर, दहा मिनिटं घेऊन, अगदी सावकाश दिलं, एक कान सतत हृदयावर ठेवून. या औषधानं पोटॅशियम उतरत नाही. ते हृदयाला फक्त थोडा वेळ सांभाळून धरतं, आणि मला तेवढा वेळच हवा होता. सोबत डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं द्रावण दिलं, त्यानं पोटॅशियम रक्तातून पेशींत सरकतं. ठोके हळूहळू नव्वदच्या वर आले.

मग पोटावरचे केस काढून, कातडी स्वच्छ करून, बावीस नंबरच्या बारीक सुईनं थेट मूत्राशयातून लघवी ओढून घेतली. ताणलेल्या मूत्राशयात सुई घालताना ते फाटण्याची धास्ती असते. पण इतक्या दाबाखाली ते तसंच ठेवलं तरी फाटण्याचा धोका असतोच, आणि दाब उतरल्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही. एकशे साठ मिलिलिटर निघाली. रंग जांभळाच्या रसासारखा. त्यातली थोडी निर्जंतुक बाटलीत जंतुवाढीच्या तपासणीसाठी बाजूला ठेवली, प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याआधी. बंड्यानं एक लांब सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदा डोळे नीट उघडले. काकू तेव्हा रडल्या, तोवर त्यांनी धीर धरला होता.

रिपोर्ट आला: पोटॅशियम 7.4, क्रिएटिनिन (मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) 6.2. कुत्र्यात पोटॅशियम साधारण साडेपाचच्या आत आणि क्रिएटिनिन दीडच्या आसपास किंवा त्याखाली असावं लागतं.

एक्स-रे आणि नळी

अर्भकांना दूध पाजायची पाच नंबरची नळी आमच्याकडे अशा कामाला वापरतात. ती आत सरकवली तर चार-पाच सेंटिमीटरवर अडली, आणि टोकाला किरकिर जाणवली. कप धुताना तळाशी वाळू असावी, तशी. नर कुत्र्याच्या शिश्नात एक लहानसं हाड असतं. मूत्रमार्ग त्या हाडाच्या पन्हळीतून जातो, आणि हाड काही ताणलं जात नाही. त्यामुळे वरून सुटलेला खडा बहुतेक वेळा या हाडाच्या मागेच येऊन अडकतो.

आमच्या गावात जनावरांचा एक्स-रे नाही. माणसांच्या एक्स-रे सेंटरचे मालक ओळखीचे, ते रात्री पेशंट संपल्यावर मला मशीन देतात. साडेदहाला बंड्याला तिकडे नेलं, सलाईनची बाटली गुरुजींच्या हातात. आडवा एक्स-रे घेताना मागचे पाय पुढे, पोटाकडे ओढून धरले. नेहमीसारखे मागे ठेवले तर मांडीची हाडं नेमकी मूत्रमार्गावर येतात आणि खडे झाकले जातात. फिल्मवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसले: मूत्राशयात नऊ, शिश्नाच्या हाडामागे तीन. बहुतेक हरभऱ्याच्या डाळीएवढे, दोन-तीन ज्वारीच्या दाण्याएवढे. मी फिल्मच्या कोपऱ्यात पेनानं 12 लिहिलं.

परत येऊन गुंगीसाठी बुटोर्फेनॉल आणि थोडं प्रोपोफॉल दिलं. झायलाझिन मुद्दाम टाळलं. आपल्याकडे गुंगीसाठी ते सर्रास वापरतात, पण त्यानं ठोके मंद होतात आणि लघवी जास्त तयार होते. अडलेल्या कुत्र्यात या दोन्ही गोष्टी नकोत. मग खडे मागे ढकलले. मदतनिसानं गुदद्वारातून बोट घालून मूत्रमार्ग कमरेच्या हाडावर दाबून धरला. मी पुढून नळीतून सलाईन आणि निर्जंतुक जेलीचं मिश्रण भरत गेलो, मूत्रमार्ग फुग्यासारखा फुगला की त्यानं बोट सोडायचं आणि मी जोर लावायचा. तिसऱ्या खेपेला नळी सरकन आत गेली. खडे मूत्राशयात परतले. नळी टाक्यानं शिवून ठेवली.

कोणते पर्याय होते

पुढचे छत्तीस तास आम्ही शस्त्रक्रियेला हात लावला नाही. अडथळा सुटल्यावर मूत्रपिंडं तुंबलेलं सगळं भराभर बाहेर टाकतात. तेवढं पाणी शिरेतून भरत राहिलं नाही तर कुत्रा कोरडा पडतो. मदतनीस दर दोन तासांनी पिशवीतली लघवी मोजून वहीत लिहायचा आणि मी सलाईन त्याप्रमाणे वाढवायचो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्रिएटिनिन 1.9 आणि पोटॅशियम 4.4 वर आलं. बंड्यानं काकूंच्या हातून चार घास भात खाल्ला.

या मधल्या वेळात गुरुजींशी नीट बोलणं झालं. त्यांच्या भावाचा मुतखडा हुलग्याच्या पाण्यानं पडला होता, पानफुटीची पानं त्यांच्या परसात होती. त्यांनी विचारलं, बंड्याला का नको? मला हा प्रश्न रास्त वाटला. माणसाचा लहान खडा मूत्रपिंडातून सुटून बाहेर पडतो, तो मऊ, ताणल्या जाणाऱ्या नळ्यांतून. बंड्याच्या वाटेत हाडाची पन्हळ आहे. काढा पाजून लघवी वाढवली आणि खडा पुन्हा त्याच जागी अडला, तर परवाची रात्र पुन्हा येणार. गुरुजी भूगोल शिकवायचे. त्यांनी कागदावर स्वतःच नदी आणि घळ काढली आणि मान हलवली.

दुसरा पर्याय खडे विरघळवण्याचा. काही खडे खरोखर विरघळतात. कुत्र्यांतले स्ट्रुव्हाइटचे खडे बहुधा जंतुसंसर्गामुळे बनतात, माद्यांत जास्त, आणि विशिष्ट आहार व योग्य प्रतिजैविक दिलं की काही आठवड्यांत विरघळून जातात, पोट फाडावं लागत नाही. तसं असतं तर मी सुरीचं नावही काढलं नसतं. पण बंड्याची लघवी आम्लधर्मी होती, पीएच 6, घनता 1.045, म्हणजे दाट. सूक्ष्मदर्शकाखाली पाकिटाच्या आकाराचे स्फटिक दिसले आणि जंतुवाढीचा रिपोर्ट पुढे कोरा आला. त्यात तो नर, लहान जातीचा, वयानं मध्यम, आणि खडे एक्स-रेत ठळक. सगळा रोख कॅल्शियम ऑक्झलेटकडे होता, आणि ते खडे कोणत्याही औषधानं वा आहारानं विरघळत नाहीत. (स्फटिक दिसले म्हणजे खडा त्याचाच असतो असं नाही. पण इतर चिन्हं जुळली की अंदाज पक्का होत जातो.)

तिसरा, उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं. गाडीनं दीड तास. तिथे सोनोग्राफी, भूल देण्याची चांगली सोय, शिकलेले हात. मी हा पर्याय मनापासून मांडला. चौथा, दुर्बिणीतून लेसरनं खडे फोडणं, पण त्यासाठी मोठं शहर गाठावं लागलं असतं आणि पेन्शनवरच्या घराला तो खर्च पेलणारा नव्हता. गुरुजी म्हणाले, "साहेब, तुमच्या हातानं त्याचा जीव वाचलाय. तुम्हीच करा." असं कुणी म्हटलं की नाही म्हणणं जड जातं. मी हो म्हटलं. ही शस्त्रक्रिया मी आधी केलेली होती, त्यामुळे तो निर्णय आजही मला चुकीचा वाटत नाही. चूक पुढे झाली.

शस्त्रक्रिया

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला सुरुवात केली. नराच्या पोटावर शिश्न मधोमध येतं म्हणून कातडीचा छेद त्याच्या बाजूनं घेतला. मूत्राशय बाहेर काढून ओल्या कापडात ठेवलं, दोन्ही टोकांना धागे धरून उचललं म्हणजे आतलं पाणी पोटात सांडत नाही. भिंत सुजून जाड झाली होती, आतलं अस्तर लालभडक. चमच्यानं एकेक खडा काढून स्टीलच्या वाटीत टाकत गेलो. प्रत्येकाचा टण्ण आवाज व्हायचा आणि मदतनीस मोठ्यानं आकडा म्हणायचा. खडे तपकिरी, काट्याकाट्यांचे, बाभळीच्या बारीक गोळ्यांसारखे.

अकरा झाले. पुन्हा चमचा फिरवला, बोट फिरवलं, काही नाही. नळीतून खालून वर आणि वरून खाली सलाईन सोडलं. पाणी स्वच्छ आलं, नळी अडखळली नाही.

फिल्मवर बारा होते. तेव्हा काय विचार केला तो जसाच्या तसा लिहितो: दोन ठिपके एकाच खड्याचे असतील, किंवा परवा रात्री मोजण्यात माझीच चूक झाली असेल, किंवा एखादा बारीक खडा धुण्यात निघून गेला असेल. यातलं प्रत्येक कारण शक्य होतं. चार वाजले होते, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एकच दिवा, कुत्रा थंड पडायला लागलेला. एक्स-रे सेंटरमध्ये माणसांची गर्दी रात्री नऊपर्यंत हटणार नव्हती. मी मूत्राशय विरघळणाऱ्या धाग्यानं शिवलं, सलाईन भरून गळत नाही ना हे पाहिलं आणि पोट बंद केलं. एक्स-रे काढला नाही, त्या रात्रीही नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. बंड्यानं दवाखान्याच्या पायरीवर पाय वर करून धार सोडली. गुरुजींनी पेढे वाटले.

चौथा दिवस

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन: "परत तसंच करायलाय हो."

आता थेट एक्स-रेला नेलं. शिश्नाच्या हाडाच्या पन्हळीत एक ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. बारावा.

तो कुठे लपला होता हे मी नंतर पुष्कळ शोधलं. कमरेच्या हाडाखालचा मूत्रमार्ग तसा रुंद असतो. तिथे बसलेल्या लहान खड्याच्या कडेनं बारीक नळी बिनबोभाट सरकते. नळी गेली म्हणजे वाट मोकळी झाली, हा समज खोटा आहे, आणि मी नेमका त्यावरच विसंबलो होतो. नळी निघाल्यावर लघवीच्या धारेनं तो खडा खाली आणून अडकवला.

यावेळी अडून तासाभराच्या वर झालं नव्हतं, रक्त ठीक होतं. निर्णय मात्र अवघड होता. परवासारखा खडा मागे ढकलायचा तर दाब थेट चार दिवसांच्या टाक्यांवर जाणार. मूत्राशयाची जखम लवकर भरते हे खरं, पण पूर्ण ताकद धरायला दोन-तीन आठवडे लागतात. टाके सुटले तर लघवी पोटात. दुसरा मार्ग, वृषणापाशी लघवीसाठी कायमचं नवं छिद्र करायचं. खडे वारंवार होणाऱ्या नरात तो उत्तम, कारण तिथे मूत्रमार्ग रुंद असतो आणि पुढचे लहान खडे आपोआप पडतात. पण त्यात खच्चीकरण करावं लागतं, आणि आठवड्यात दुसऱ्यांदा मोठी भूल. तिसरा, खडा आहे तिथेच, हाडाच्या जरा मागे लहान छेद घेऊन तो उचलायचा.

महाविद्यालयातल्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पोट बंद केल्यावर फिल्म घेतली होती का?" मी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, टाक्यांवर दाब देऊ नकोस, छेद घेऊन काढ. तसंच केलं. वीस मिनिटांचं काम. खडा काढला, मार्ग दोन्हीकडून धुतला, आणि कुत्रा गुंगीत असतानाच एक्स-रे सेंटर गाठलं. मालकांनी दोन पेशंट थांबवून आम्हाला आत घेतलं. फिल्म कोरी.

या छेदातून पुढे पाच दिवस लघवी करताना रक्त ठिबकत राहिलं. हे होतं, आणि आपोआप थांबतं. मी गुरुजींना तसं सांगितलं, काकूंना सांगायचं राहिलं. त्या दोन रात्री जागल्या. बंड्यानं जखम चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखा पट्टा घातला होता, तो जुन्या एक्स-रे फिल्म कापून केलेला. पहिल्या रात्रीची, कोपऱ्यात 12 लिहिलेली फिल्म मात्र मी कापू दिली नाही.

जखम भरल्यावर गुरुजींना मी माझ्या क्लिनिकमध्ये बसवून सांगितलं की दुसऱ्यांदा चिरावं लागलं ते माझ्यामुळे. दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत.

खडा कशाचा होता

काकूंनी अकरा खडे कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले होते. त्यातले चार कोरडे करून माणसांच्या लॅबमार्फत रासायनिक तपासणीला पाठवले. कोरडेच पाठवायचे, फॉर्मालिनमध्ये नाही, कारण त्यानं काही खड्यांची घडणच बदलते. रिपोर्ट आला: कॅल्शियम ऑक्झलेट. अंदाज खरा ठरला, पण रिपोर्ट नसता तर पुढचा आहार अंदाजावरच ठरला असता. स्ट्रुव्हाइटसाठी लघवी आम्लधर्मी करायची असते आणि ऑक्झलेटसाठी नेमकी तीच टाळायची असते. डाल्मेशियन कुत्र्यात तर युरेटचे खडे होतात, त्यांचं पथ्य आणखी वेगळं. खडा काढून फेकून दिला की ही सगळी माहिती त्याच्यासोबत कचऱ्यात जाते.

रक्तातलं कॅल्शियमही पाहिलं. ते वाढलेलं असेल तर ग्रंथीचा आजार शोधावा लागतो. ते 10.2, म्हणजे ठीक होतं.

पाण्याचं काम

गुरुजींचं ठाम मत: दोष बोअरच्या पाण्याचा. आपल्या भागात हे मत असणं साहजिक आहे. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला पाण्याविषयी कुणी शिकवायला नको. भांड्यांवर बसणारा पांढरा थर रोज डोळ्यांसमोर असतो, मग पोटातल्या खड्याचा संबंध त्याच्याशीच लागतो. माझं म्हणणं असं की पाणी कसलं यापेक्षा कुत्रा किती पितो आणि किती वेळा बाहेर टाकतो, याला जास्त किंमत आहे.

ते पाहायला मी त्यांच्या घरी गेलो. दुपारचे दोन. बंड्याचं पाण्याचं भांडं परसात, प्लास्टिकचं, गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाखाली भरलेलं. मी बोट घातलं आणि लगेच काढलं. चहा प्यावा इतकं गरम. बाजूला काकूंचा माठ होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. त्यातलं वाटीभर पाणी बंड्यासमोर ठेवलं. त्यानं एका दमात वाटी चाटून कोरडी केली आणि काकूंकडे पाहिलं.

त्या दिवसापासून बंड्याला तीन जागी मातीच्या वाडग्यांत माठाचं पाणी. खाणं सगळं ओलं: भात, उकडलेलं चिकन, दुधी भोपळा, वर भरपूर पाणी. शेंगदाणे आणि पालक बंद, दोन्हींत ऑक्झलेट भरपूर. कॅल्शियमचं सिरप बंद. जेवणासोबतचं थोडं दूध मात्र चालू ठेवलं. आहारातलं कॅल्शियम पार तोडलं तर आतड्यातून ऑक्झलेट उलट जास्त शोषलं जातं. मीठ घालून तहान वाढवायची युक्ती काही जण सांगतात, ती मी टाळली, कारण मिठानं लघवीतलं कॅल्शियमही वाढू शकतं. फिरणं दोनाचं चार वेळा, आणि त्यासाठी गुरुजींनी हातात काठी घेतली.

तयार पथ्याचं खाद्य मिळतं, चांगलं असतं, पण ते महिन्याला परवडणारं नव्हतं. पहिल्या महिन्यात लघवीचा पीएच 6 च्या वर येईना, म्हणून लघवीची आम्लता कमी करणारं पोटॅशियम सायट्रेट वजनाप्रमाणे सुरू केलं.

लक्ष्य एकच दिलं: लघवी पातळ हवी, घनता 1.020 च्या खाली. ती रिफ्रॅक्टोमीटर या घनता मोजायच्या उपकरणानंच मोजायची, कागदी पट्टीवरचा तो रकाना कुत्र्यात भरवशाचा नाही. गुरुजी दर पंधरा दिवसांनी सकाळची पहिली लघवी पळीत धरून आणायचे. जूनमध्ये 1.038, जुलैअखेर 1.024, सप्टेंबरात 1.018. त्यांनी शाळेच्या हजेरीपटासारखी वही आखली: तारीख, घनता, पीएच, वाडगी किती रिकामी झाली.

आज हेच प्रकरण आलं तर

सर्वांत आधी, गणपतीतल्या त्या तांबूस डागाला मी एक्स-रे काढेन. नर कुत्र्यात लघवीतून रक्त हे नुसत्या संसर्गावर सोडून द्यायचं लक्षण नाही. तीन-चारशे रुपयांची एक फिल्म तेव्हा निघाली असती तर पोटॅशियमची ती रात्र बहुधा आलीच नसती, आणि शस्त्रक्रिया धडधाकट कुत्र्यावर, निवांत झाली असती.

दुसरं, शस्त्रक्रियेची वेळच एक्स-रे सेंटरच्या सोयीनं ठरवेन. दुपारी अडीचला सुरू केलं तेव्हाच चारला फिल्म मिळणार नाही हे मला माहीत होतं. आता रात्री आठला सुरू करतो आणि साडेनऊला कुत्रा गुंगीत असतानाच फिल्म घेतो. आकडा जुळो वा न जुळो, फिल्म होतेच. वाटीतले खडे मोजून जुळले तरी फिल्मवर न दिसलेला एखादा आत असू शकतो. खडे राहून जाणं ही या शस्त्रक्रियेतली अनुभवी हातांनाही चुकवणारी गोष्ट आहे.

वृषणापाशी छिद्र करण्याविषयी माझं मन अजून दोन्हीकडे जातं. ऑक्झलेटचे खडे तीन वर्षांत जवळपास निम्म्या कुत्र्यांत परत होतात. बंड्याला पुन्हा खडे झाले आणि अडले, तर तोच मार्ग घ्यायचा हे गुरुजींशी आताच बोलून ठेवलं आहे, म्हणजे रात्री नऊ वाजता वाद घालावा लागणार नाही. आणि रक्त ठिबकणार असेल तर ते घरात रात्री जागणाऱ्या माणसाला सांगायचं, फक्त पैसे भरणाऱ्याला नाही.

पुढे काय झालं

ऑगस्ट आणि नोव्हेंबरचे एक्स-रे कोरे आले. फेब्रुवारीत मूत्राशयात दोन बारीक कण दिसले, मोहरीपेक्षा लहान. लगेच गुंगी दिली, मूत्राशय सलाईननं भरलं, कुत्र्याला मागच्या पायांवर उभा धरला आणि हलकेच दाबून धार काढली. दोन्ही कण वाटीत आले. एवढे बारीक असतानाच दिसले म्हणून हे जमलं. मागे पाहिलं तर त्या महिन्यात घनता 1.030 वर गेलेली होती. थंडीत बंड्या पाणी कमी पीत होता आणि गुरुजी लग्नासाठी पंधरा दिवस पुण्याला होते. काकूंनी तेव्हापासून भाताचं पाणी वाढवलं. मे महिन्याची फिल्म कोरी.

बाराव्या खड्याची लहान बाटली माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर, तारीख गुरुजींच्या वहीत लिहिलेली आहे.